पगारी पाहुणा

इ. स. १८९० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जपानी समुद्राच्या बाजूस असलेल्या मात्सुए नांवाच्या जुन्या किल्ल्याच्या गांवीं एक चाळीस वर्षांचा ठेंगणा परदेशी गृहस्थ येऊन उतरला. त्याचा जन्म ग्रीसजवळील लेफ्काडा बेटांतला. आई ग्रीक, बाप ब्रिटिश सैन्यांतील आयरिश डॉक्टर. वयाच्या सोळाव्या वर्षीं इंग्लंडांतील शाळेंत खेळतांना डावा डोळा गेलेला. आणि पुढील उमेदीचीं वर्षें अमेरिकेंतील वृत्तपत्रांत बातम्या व लेख लिहिण्यांत खर्च झालेलीं. या गृहस्थाचें नांव लाफकाडिओ हर्न. गांवांतील सरकारी माध्यमिक शाळा व अध्यापकांची शाळा या दोन ठिकाणीं इंग्रजी शिकविण्याचा एक वर्षाचा करार त्यानें केला होता. वेतन दरमहा १०० येन. त्याच शाळेंतील जपानी शिक्षकांच्या पगाराशीं ताडून पाहतां ही रक्कम राजेशाहीच म्हणावयाची.

असे परदेशी त्या काळीं जपानांत पुष्कळ येत. १८६८ सालच्या राज्यक्रांतीनंतर त्या देशानें आगगाडी, दीपगृहें, कायदा, वैद्यक, सैन्य, जें जें पाश्चात्त्यांजवळ होतें तें तें शिकून घेण्याचा सपाटा लावला, आणि शिकविणारीं माणसें भरपूर पगार देऊन परदेशांतून आणविलीं. त्यांना ‘ओयातोई गाइकोकुजिन’ म्हणत. यांतील ‘यातोई’ म्हणजे मोलानें ठेवलेला, आणि मागचा ‘ओ’ हा जपानी भाषेंतला आदराचा उपसर्ग. ‘आदरणीय भाडोत्री’ असें त्याचें मराठींत भाषांतर होईल. आदर आणि भाडें हीं एकाच शब्दांत इतक्या सहजपणें बसविणाऱ्या भाषेचें कौतुक करावें तेवढें थोडें. या माणसांच्या करारांत एक अट मात्र लिहिलेली नसे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची असे. ती अशी कीं, त्यांनीं आपलें काम इतक्या उत्तम रीतीनें करावें कीं लौकरच त्यांची कोणाला गरज उरूं नये.

हर्नला ही अट तेरा वर्षांनीं कळली.

मात्सुए येथें मात्र त्याला सर्व गोड वाटत होतें. त्याचें नांव कचेरीच्या कागदावर जपानी लिपींत ‘हेरुन’ असें उतरलें. ती चूक होती. पण त्यानें ती दुरुस्त केली नाहीं. गांवची मंडळी त्याला ‘हेरुन-सान’ म्हणूं लागली आणि तेंच त्याला आवडूं लागलें. ज्यानें दिवसभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारावयाचे त्यानें स्वतःचें नांव खुशाल बिघडूं द्यावें, यांत त्या माणसाचा स्वभाव दिसतो. निशिदा सेन्तारो नांवाचा शाळेचा मुख्य अध्यापक इंग्रजी जाणणारा होता. वर्गांत काय चालतें, कोणाला केव्हां नमस्कार करावयाचा, जोडे कोठें काढावयाचे, हें सर्व निशिदानें त्याला समजावून दिलें. परदेशीं गेलेल्या शिक्षकाच्या नशिबीं असा एक निशिदा असला तर त्याचें वर्ष निभावतें. नसला तर भाषाशास्त्राची कितीही पुस्तकें वाचलेलीं असोत, पहिल्या महिन्यांतच तो वेड्यासारखा होतो.

वर्गांतील अडचणींची सुरुवात तोंडापासून होते. जपानी भाषेंत ‘र’ आणि ‘ल’ असे दोन वेगळे वर्ण नाहींत. त्यामुळें ‘राइट’ आणि ‘लाइट’ हे शब्द जपानी कानाला एकच ऐकूं येतात. शिवाय त्या भाषेंत जवळजवळ प्रत्येक व्यंजनाच्या मागें स्वर यावा लागतो. इंग्रजाच्या तोंडीं एका झटक्यांत निघणारा ‘स्ट्राइक’ हा शब्द जपानी मुलाच्या तोंडीं ‘सुतोराइकु’ होऊन चांगला पांच पावलें चालतो, आणि ‘मिल्क’चें ‘मिरुकु’ होतें. र, ल व ळ या तिघांनाही घरांत वागविणाऱ्या मराठी माणसाला याची गंमत वाटेल. पण तोच मराठी माणूस इंग्रजी ‘थ’ जिभेच्या टोकावर न आणतां सरळ आपला ‘थ’ म्हणून मोकळा होतो, हें त्यानें ध्यानांत ठेवलेलें बरें. एकच शब्द फळ्यावर लिहून आठवडाभर म्हणून घ्यावा, आणि नवव्या दिवशीं मुलांनीं तो पूर्ववत् म्हणावा, हा अनुभव शिक्षकाला जितका छळतो तितका वर्गांतला दंगाही छळत नाहीं. दंग्यावर रागावतां तरी येतें.

तोंडानंतर डोकें. इंग्रजी वाचण्याची जपानी शाळांतील जुनी रीत अशी कीं, वाक्य घ्यावयाचें, शब्दाखालीं शब्दाचा अर्थ मांडावयाचा आणि मग त्यांची उलटापालट करून जपानी वाक्य तयार करावयाचें. ही रीत इंग्रजीसाठीं निर्माण झालेली नाहीं. चिनी ग्रंथ आपल्या भाषेच्या क्रमानें वाचतां यावे म्हणून जपानी पंडितांनीं शब्दांशेजारीं एक, दोन, तीन असे आंकडे व खुणा घालण्याची युक्ति कित्येक शतकांपूर्वींच काढली होती. तीच पुढें इंग्रजीला लावण्यांत आली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांच्या हातून गेली आहे त्यांना ही कसरत परकी वाटणार नाहीं. कारण मराठीप्रमाणेंच जपानीचें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, आणि मराठी विद्यार्थीही इंग्रजी वाक्याचें शेपूट धरूनच आंत शिरत असतो. या पद्धतीनें मुलें कठीण ग्रंथ वाचूं शकतात यांत शंका नाहीं. पण तो तास सर्वस्वीं जपानी भाषेंत चालतो. त्यांत इंग्रजी बोलणाऱ्या परदेशी शिक्षकाला करण्यासारखें कांहींच नसतें. भाषांतर बरोबर झालें कीं चूक, हें सांगण्याची पात्रताही त्याच्या अंगीं नसते.

मग त्याच्याकडे निबंध येतात. हर्न तो कागद आपल्या उरलेल्या एका अधू डोळ्यापाशीं अगदीं चिकटवून धरी आणि वाची. त्याला आढळून आलें कीं, तीस मुलांना एक विषय दिला तर तिसांच्या उपमा त्याच येतात. फुजी पर्वत म्हणजे आकाशांत उलटा टांगलेला अर्धवट उघडलेला पांढरा पंखा. फुललेल्या चेरीचीं झाडें म्हणजे आरक्त ढग. दुसरा एखादा परदेशी शिक्षक या ठिकाणीं ‘या मुलांना कल्पनाशक्तीच नाहीं’ असा शेरा मारून मोकळा झाला असता, आणि पुष्कळांनीं तसा मारलाही आहे. हर्नलाही प्रथम आश्चर्य वाटलें. परंतु त्यानें विचार केला आणि लिहून ठेवलें तें असें कीं, या मुलांची कल्पना त्यांच्या पूर्वजांनीं शेंकडों वर्षांपूर्वींच घडवून ठेविली आहे; त्यांच्या दृष्टीनें उत्तम लेखन म्हणजे तीं जुनीं चित्रें योग्य जागीं मांडणें. शिक्षकाच्या त्राग्यांतला अर्धा भाग असा असतो कीं, समोरचा मनुष्य वेगळाच खेळ खेळत आहे हें त्याच्या लक्षांत आलेलें नसतें.

संध्याकाळीं मुलें त्याच्या घरीं येत. येत आणि गप्प बसत. कोणी घरांतील एखादी वंशपरंपरेची चित्राची गुंडाळी दाखवावयास आणी. ती पाहून झाली कीं पुन्हां शांतता. इंग्रजीचें संभाषण म्हणून या भेटींचा उपयोग शून्य. पण त्यांतीलच एका मुलाची हकीकत त्यानें पुढें १८९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत लिहिली आहे. एका सुताराचा हा मुलगा अत्यंत हुषार म्हणून एका धनिकानें त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला होता. तो मरणाच्या दुखण्यानें पडला. एके रात्रीं त्यानें हट्ट धरला कीं मला एकदां शाळा पाहूं द्या. थंडीची रात्र, तरी त्याला पाठंगुळीस घेऊन कोणी तरी शाळेपर्यंत नेलें. अंधारांतल्या त्या इमारतीच्या खिडक्या त्यानें पाहिल्या, आपला वर्ग ओळखला, आणि घरीं आल्यावर थोड्याच वेळांत तो गेला. ज्या शाळेंतल्या शांततेला परदेशी शिक्षक कंटाळतो, त्या शांततेच्या पोटांत काय असतें हें हर्नला मात्सुएनें असें दाखविलें.

वर्गांतली ती शांतता मात्र पुढें शंभर वर्षांनींही मोडली नव्हती. १९८७ सालीं जपान सरकारनें परदेशी तरुणांना शाळांतून आणविण्याची एक मोठी योजना सुरूं केली. पहिल्या वर्षीं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. यांचा हुद्दा सहाय्यक भाषाशिक्षकाचा. वर्ग जपानी शिक्षकाचा, आणि हा त्याच्या बाजूला उभा. करार एकेका वर्षाचा, आणि पांच वर्षांपलीकडे तो वाढत नाहीं. त्यानें धडा मोठ्यानें वाचावा आणि मुलांनीं तो मागून म्हणावा. आपण शिक्षक आहों कीं बोलकें यंत्र आहों, हा प्रश्न त्या तरुणांनीं आपसांत इतक्या वेळां विचारला आहे कीं ती एक रूढ थट्टाच होऊन बसली. ‘तुम्ही कसे आहांत?’ असें त्यानें इंग्रजींत विचारतांच चाळीस मुलें एका सुरांत ‘बरा आहें, आभारी आहें, आणि तुम्ही?’ म्हणून उत्तर देतात. एखाद्याला ताप असला तरी तो हेंच म्हणतो. याच्या पलीकडचा प्रश्न विचारला कीं मूल खालीं पाहतें, शेजाऱ्याकडे वळून कुजबुजतें, आणि मिनिटभरानें दोघेही खालीं पाहतात. चुकीचें उत्तर चारचौघांत देण्यापेक्षां न देणें बरें, ही शिकवण त्या मुलांना इंग्रजीच्या कितीतरी आधीं मिळालेली असते. आणि ज्या प्रवेशपरीक्षेवर सारें आयुष्य अवलंबून, तिच्यांत बोलण्याला गुण नव्हते. विद्यापीठ-प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेंत इंग्रजी ऐकून समजण्याची चांचणीसुद्धां २००६ सालीं प्रथम आली. मग मुलांनीं या पाहुण्याशीं बोलून वेळ कां घालवावा? मुलें आपला हिशेब पुरा ओळखून असतात.

या सहाय्यकांना पुष्कळ गांवीं सुट्टींतही शिक्षकांच्या दालनांत आपल्या मेजाशीं येऊन बसावें लागतें. मुलें नाहींत, तास नाहीं, जपानी वाचतां येत नाहीं. बाहेर झाडांवर किडे ओरडत आहेत आणि आंत तो कालचेंच वर्तमानपत्र चाळीत आहे. शहरांतील खाजगी संभाषणशाळांत हा रिकामा वेळ नसतो; तेथें तासाला तास लागून असतो आणि गिऱ्हाइकाला हंसतमुखानें बोलतें ठेवावें लागतें. अशा शाळांची जपानांतील सर्वांत मोठी साखळी २००७ सालीं बुडाली, तेव्हां हजारों परदेशी शिक्षकांचे पगार थकले, आणि ज्यांचीं बिऱ्हाडें मालकाच्या नांवावर होतीं त्यांना राहत्या जागेचीही धास्ती पडली.

हर्नच्या हाडांनीं मात्सुएची थंडी सोसली नाहीं. कागदी भिंतींचीं घरें आणि उबेसाठीं कोळशाची शेगडी. पहिल्याच हिवाळ्यांत त्यानें अंथरूण धरलें. त्याच सुमारास कोइझुमि सेत्सु ही पडत्या काळांतील एका सामुराई घराण्यांतील स्त्री त्याच्या घरीं आली आणि पुढें त्याची पत्नी झाली. त्यांच्या संसाराची भाषा इंग्रजी झाली नाहीं. सेत्सूनें वहींत इंग्रजी शब्द जपानी अक्षरांत उतरवून पाहिले, पण तो नाद पुढें सुटला. दोघें बोलत ती एक मोडकी जपानी, विभक्ति गाळलेली, क्रियापदें न चालविलेली. घरांत तिला ‘हेरुन-सानची भाषा’ असेंच नांव पडलें होतें. या भाषेंत सेत्सूनें त्याला भुताखेतांच्या ज्या कथा सांगितल्या त्यांवरच त्याची आजची कीर्ति उभी आहे. दिवसा शेंकडों मुलांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या मनुष्याला सर्वांत मोठें धन मिळालें तें चुकांनीं भरलेल्या भाषेंतून!

१८९१ च्या नोव्हेंबरांत तो उबदार दक्षिणेकडे कुमामोतो येथील सरकारी विद्यालयांत गेला. पगार दुप्पट झाला. सुख निम्मेंही राहिलें नाहीं. ज्यूडो या मल्लविद्येचे जनक कानो जिगोरो हे त्या वेळीं तेथील मुख्य होते, आणि त्यांच्याविषयीं हर्नला आदर होता. पण शिक्षकांच्या दालनांत त्याच्याशीं कोणी फारसें बोलत नसे. अपमान कोणी केला नाहीं. नमस्कार वेळच्या वेळीं होत. तक्रार करावी असें कांहींही घडत नसणें ही परदेशी शिक्षकाची सर्वांत अवघड तक्रार असते. रिकाम्या तासाला हर्न विद्यालयामागील टेकडीवर चढे. तेथें जुनें स्मशान होतें आणि दगडी बुद्धाची एक मूर्ति होती. तिच्या सोबतीला बसून तो खालीं शाळेच्या इमारतींकडे पाही.

तेथून कोबे येथें वृत्तपत्राची नोकरी. नंतर १८९६ सालीं टोकियोच्या राजकीय विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाचा व्याख्याता. त्याच वर्षीं बायकामुलांचा वारसाहक्क सुरक्षित राहावा म्हणून त्यानें जपानी नागरिकत्व पत्करलें आणि कोइझुमि याकुमो हें नांव घेतलें. टोकियोंत त्यानें शिकविण्याची आपली रीत बसविली. तो अगदीं सावकाश, सोप्या शब्दांत, जवळजवळ सांगून लिहवून घेतल्याप्रमाणें बोले, आणि विद्यार्थी अक्षर न अक्षर उतरवून घेत. मधल्या वेळांत प्राध्यापकांच्या दालनांत न जातां तो विद्यापीठाच्या आवारांतील तळ्याभोंवतीं एकटाच फिरे. कुमामोतोची टेकडी आणि टोकियोचें तळें यांत फरक फक्त उंचीचा.

१९०३ च्या जानेवारींत त्याला एक कोरडें पत्र आलें: मार्चअखेर करार संपतो, पुढें तो चालूं राहणार नाहीं. परदेशांत शिकून जपानी विद्वान परत येऊं लागले होते. एका परदेशी माणसाच्या वेतनांत त्यांच्यापैकीं अनेक जण ठेवतां येत होते. हिशेब चोख होता. विद्यार्थी खवळले, त्यांनीं सभा भरविली, शिष्टमंडळें नेलीं. तेव्हां विद्यापीठानें कमी तासांची जागा देऊं केली. ती हर्ननें नाकारली. देशाचें नागरिकत्व, नांव, संसार, सारें घेतलेला हा मनुष्य पगारपत्रकावर मात्र अजून परदेशीच होता, आणि ज्या दिवशीं परदेशी माणसांची गरज संपली त्या दिवशीं तोही संपला. पुढच्या वर्षीं वासेदा येथें त्यानें थोडे महिने शिकविलें आणि २६ सप्टेंबर १९०४ रोजीं हृदयविकारानें तो वारला. विद्यार्थ्यांच्या त्या वह्या मात्र उरल्या. त्यांवरून तयार केलेले त्याचे व्याख्यानग्रंथ १९१५ पासून अमेरिकेंत प्रसिद्ध झाले.

त्याच्या जागीं जे नेमले गेले त्यांत नात्सुमे सोसेकि हा होता. हर्ननें सोडलेल्या वर्गांत शिरण्याची त्याची ही पहिलीच वेळ नव्हती. कुमामोतोच्या त्याच विद्यालयांत तो १८९६ पासून चार वर्षें शिकवीत होता. त्याच्याही आधीं, १८९५ सालीं, मात्सुयामा येथें एका परदेशी शिक्षकाच्या रिकाम्या जागीं तो लागला तेव्हां त्याला ८० येन मिळत, आणि शाळेच्या मुख्याध्यापकाला ६०! त्या गांवच्या आठवणींवरून त्यानें १९०६ सालीं ‘बोच्चान’ ही कादंबरी लिहिली. तींतल्या शिक्षकानें गांवांत कोठें काय खाल्लें तें दुसऱ्या दिवशीं मुलें फळ्यावर लिहून ठेवतात, आणि रात्रीं त्याच्या बिछान्यांत टोळ सोडतात. खेड्यांतील शिक्षकाला खाजगी आयुष्य नसतें, हें सत्य त्यापेक्षां चांगलें कोणी मांडलेलें नाहीं. आणि परदेशी शिक्षकाच्या बाबतींत तर भाजीच्या टोपलींत काय आहे याचीही वार्ता त्याच्या आधीं शाळेंत पोंचते.

टोकियोंत सोसेकीनें ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी घेऊन एकेका शब्दाचा उच्चार व अर्थ कसोशीनें पाहण्यास आरंभ केला. हर्नच्या मुखांतून काव्य ऐकलेल्या विद्यार्थ्यांना तें शाळकरी काम वाटलें आणि त्यांनीं नाकें मुरडलीं. म्हणजे परक्याला घालवून आपला आणला, तरी वर्गाचा राग आपल्यावरच आला. १९०७ सालीं सोसेकीनें विद्यापीठ सोडलें आणि वृत्तपत्राची नोकरी धरली. दुसऱ्याच वर्षीं लिहिलेल्या ‘सान्शिरो’ या कादंबरींत त्यानें तळ्याभोंवतीं फिरणाऱ्या त्या जुन्या अध्यापकाची आठवण एका पात्राच्या तोंडीं घातली. ज्याची खुर्ची त्यानें घेतली, त्याला त्यानें असें परत आवारांत आणलें. आज तें तळें सान्शिरोचें तळें म्हणूनच ओळखलें जातें.

याच वर्गांच्या त्राग्यांतून एक वस्तु अशी निर्माण झाली कीं ती महाराष्ट्रांतील इंग्रजी शिकणाऱ्या घराघरांत येऊन पोंचली. १९२४ सालीं आल्बर्ट सिडनी हॉर्नबी नांवाचा एक इंग्रज तरुण ओइता येथील व्यापारी विद्यालयांत वाङ्मय शिकविण्यास आला. त्याला दिसलें कीं विद्यार्थ्यांना हवें तें वाङ्मय नव्हे, भाषा. शब्दांचे अर्थ त्यांना पाठ असत, पण तो शब्द वाक्यांत बसवितांना ते पुन्हां पुन्हां पडत. ‘एक्सप्लेन मी’ म्हणूं नये, ‘सजेस्ट हिम टु गो’ म्हणूं नये. पण कां म्हणूं नये, हें प्रचलित कोशांत सहसा नव्हतें, कारण इंग्रजी कोश बहुतेक इंग्रजांनीं इंग्रजांसाठीं लिहिलेले. १९२३ सालीं हॅरल्ड पामर या भाषाशास्त्रज्ञानें टोकियोंत इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था काढली होती. हॉर्नबी तिच्या कामांत शिरला, आणि पामर १९३६ सालीं मायदेशीं गेल्यावर तें काम त्यानें पुढें चालविलें. गेटनबी व वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह त्यानें असा कोश रचला कीं, प्रत्येक क्रियापदापुढें तें कोणत्या सांच्यांत चालतें त्याचा आंकडा दिलेला असावा. वर्गांत रोज होणाऱ्या त्याच त्या चुकांची ती नोंदवही होती असें म्हटलें तरी चालेल.

तो कोश छापून तयार झाला तेव्हां युद्ध पेटलेलें होतें. डिसेंबर १९४१ नंतर हॉर्नबी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अडकवून ठेवला गेला, आणि १९४२ सालीं त्याची मायदेशीं रवानगी झाली. त्याच वर्षीं, ज्या शहरांत इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली होती त्या टोकियोंत, एका जपानी प्रकाशकानें त्याचा कोश प्रसिद्ध केला. युद्ध संपल्यावर १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो आपल्या नांवानें काढला, आणि पुढें ‘अडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून तो जगभर गेला. १९४८ च्या त्या आवृत्तीसाठीं खिळे नव्यानें जुळविलेले नव्हते. टोकियोंत छापलेल्या पानांचीं छायाचित्रें घेऊनच ती काढण्यांत आली होती.